डॉ. कमला सोहोनी : अन्नाच्या अंतरंगाचा शोध

प्रस्तावना

एखादा पदार्थ आपल्याला का आवडतो, असे कोणी विचारले तर त्याची चव चांगली आहे, असे उत्तर आपण सहज देतो. चव जिभेला कळते, म्हणून आवडनिवडही जिभेचीच, असा आपला समज असतो. परंतु घास गिळला की जिभेचे काम संपते आणि पोटाचे काम सुरू होते. जठर आणि आतडी आलेल्या अन्नाची जणू तपासणी करतात. भूक भागली की नाही, हे अन्न मानवले की नाही, याचा निरोप ती मेंदूकडे पाठवतात. पुढच्या वेळी तोच पदार्थ समोर आला की आपल्याला तो हवासा वाटतो किंवा नकोसा वाटतो, त्यामागे या निरोपाचाही वाटा असतो.

प्रस्तुत पाठात डॉ. कमला सोहोनी या जीवरसायनशास्त्रज्ञ महिलेचे चरित्र दिले आहे. आपल्या रोजच्या जेवणातील कडधान्ये पोटात गेल्यावर कशी वागतात, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासले. ज्या काळात स्त्रीला प्रयोगशाळेचे दार उघडत नव्हते, त्या काळात त्यांनी हे काम केले.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण
• डॉ. कमला सोहोनी यांच्या जीवनातील महत्त्वाच्या घटना क्रमाने सांगू शकाल;
• कडधान्ये भिजवून, मोड आणून व शिजवून खाण्यामागील शास्त्रीय कारण स्पष्ट करू शकाल;
• आतड्यातील संप्रेरके भूक, चव आणि आवडनिवड यांवर कसा परिणाम करतात, हे थोडक्यात लिहू शकाल.

मूळ पाठ

१. होसकोटेचा अवरे आणि कोकणातला वाल

बंगळूरहून कोलारकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे पंचवीस किलोमीटर अंतरावर होसकोटे हे गाव आहे. ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे किल्ला. मराठी माणसाला हे नाव अगदीच परके नाही. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत होसकोटेचाही समावेश होता. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत या परिसरातील बाजारांत एका शेंगेच्या राशी लागतात. कन्नडमध्ये तिला ‘अवरे’ म्हणतात. दव पडलेल्या शेंगेला एक उग्र, तेलकट वास येतो. त्या वासाला तेथील लोक ‘सोगडु’ म्हणतात आणि शेंग निवडताना ती आधी हुंगून पाहतात. दाणे रात्रभर भिजवून, चिमटीत दाबून त्यांची साले काढतात आणि मग त्यांचे सारू रटरटा शिजवतात.

हा अवरे म्हणजे आपल्याकडील वालाचा आणि पावट्याचाच सख्खा भाऊ होय. कोकणातील गृहिणीही वाल आधी भिजवते, फडक्यात बांधून त्यांना मोड आणते, कोमट पाण्यात घालून सोलते आणि मगच डाळिंब्यांची उसळ करते. भाषा वेगळी, मसाला वेगळा. पण भिजवणे, सोलणे आणि पुरते शिजवणे ही रीत दोन्हीकडे एकच. कच्चा वाल कोणी खात नाही. का खात नाही, याचे उत्तर शेकडो वर्षे अनुभवाने दिले होते. त्याचे शास्त्रीय कारण शोधणाऱ्यांमध्ये डॉ. कमला सोहोनी यांचे नाव ठळक आहे. विशेष म्हणजे त्यांच्या संशोधनाचा आरंभ होसकोटेपासून फार दूर नसलेल्या बंगळूरच्या विज्ञान संस्थेतच झाला.

२. रसायनशास्त्राचे घर

कमलाबाईंचे माहेरचे आडनाव भागवत. त्यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या ज्या संस्थेला लोक त्या काळी ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणत, त्या भारतीय विज्ञान संस्थेत दोघांचेही शिक्षण झाले होते. त्यामुळे घरात रसायनशास्त्राची चर्चा नित्याचीच होती. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील नामवंत लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत म्हणून ओळखली गेली. दुर्गाबाईंनी पाककृतींवर ‘खमंग’ हे पुस्तक लिहिले. एका बहिणीने अन्नाकडे संस्कृतीच्या अंगाने पाहिले, तर दुसरीने विज्ञानाच्या अंगाने.

कमलेने मुंबईत शिक्षण घेतले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी तिने मिळवली. रसायनशास्त्र हा तिचा मुख्य विषय आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता. परीक्षेत ती पहिली आली. वडील आणि काका जेथे शिकले, त्याच संस्थेत आता आपणही संशोधन करावे, ही तिची स्वाभाविक इच्छा होती. गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता, म्हणून प्रवेश मिळेलच, असे घरात सर्वांना वाटत होते.

३. बंद दार

त्या वेळी भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवून त्यांनी देशाची मान उंचावली होती. साऱ्या देशाला त्यांचा अभिमान वाटत होता. परंतु कमलेचा अर्ज त्यांनी नाकारला. कारण एकच होते : अर्जदार स्त्री होती. संशोधनासारखे काम स्त्रियांना झेपणार नाही, असे त्यांचे मत होते.

या उत्तराने कमला निराश झाली. पण परत फिरली नाही. ती बंगळूरला गेली आणि रामन यांना प्रत्यक्ष भेटली. आपण परीक्षेत पहिल्या आलो असताना केवळ स्त्री म्हणून प्रवेश का नाकारला जातो, याचे कारण तिने विचारले. महात्मा गांधींच्या विचारांचा तो काळ होता. कमलेनेही सत्याग्रहाचा मार्ग धरला. प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कार्यालयासमोरून हलायचे नाही, असा निश्चय तिने केला. अखेर रामन यांना नमते घ्यावे लागले. मात्र त्यांनी तीन अटी घातल्या. पहिले वर्ष ती परीक्षार्थ म्हणून काम करील. संचालकांचे समाधान होईपर्यंत तिच्या कामाला अधिकृत मान्यता मिळणार नाही. आणि तिच्या वावरामुळे पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये.

तिसरी अट उघडउघड अपमानकारक होती. कमलेने तिन्ही अटी मान्य केल्या, कारण तिला वादात जिंकायचे नव्हते, काम करून दाखवायचे होते. पण तो अपमान मात्र ती कधीच विसरली नाही. पुढे वृद्धापकाळी एका समारंभात त्यांनी ही हकीकत स्वतः सांगितली, तेव्हाही मनातील सल कमी झालेला नव्हता. एवढा थोर शास्त्रज्ञ स्त्रियांच्या बाबतीत इतका संकुचित कसा असू शकतो, याचे त्यांना अखेरपर्यंत नवल आणि दुःख वाटत राहिले.

बंगळूरला त्यांना श्रीनिवासय्या हे शिस्तप्रिय, पण मनाने उदार असे मार्गदर्शक लाभले. त्यांच्या हाताखाली कमलेने दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास सुरू केला. हा विषय निवडण्यामागे मोठा अर्थ होता. आपल्या देशातील बहुसंख्य लोकांना प्रथिने मिळतात ती डाळी आणि कडधान्यांतूनच. गरिबाच्या ताटातील या प्रथिनांचा कस काय, हे तपासणे म्हणजे देशाच्या आरोग्याचाच अभ्यास करणे होते. वर्षभराने रामन यांनी तिचे काम पाहिले आणि त्यांचे समाधान झाले. तिला नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. एवढेच नव्हे, तर त्यानंतर संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलेने एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

४. केंब्रिजमधील दिवस

१९३७ साली कमला उच्च संशोधनासाठी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेली. न्यूनहॅम या महिला महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला. जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांविषयीच्या कार्यासाठी १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळालेले हे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रथम डेरेक रिख्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली कमलेने काम केले.

तेथे तिने बटाट्यासारख्या साध्या वनस्पतीवर प्रयोग केले. ‘सायटोक्रोम सी’ नावाचा एक पदार्थ पेशींच्या श्वसनात महत्त्वाची कामगिरी बजावतो. तो वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे तिने दाखवून दिले. हे काम तिने अवघ्या चौदा महिन्यांत पूर्ण केले. तिचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. पानांची संख्या थोडी असली तरी त्यातील निष्कर्ष मोलाचा होता. १९३९ साली तिला पीएच.डी. पदवी मिळाली. केंब्रिज विद्यापीठाची विज्ञानातील पीएच.डी. मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. सहा वर्षांपूर्वी जिला संशोधन झेपणार नाही असे म्हटले गेले होते, तिने दिलेले हे उत्तर होते.

परदेशात राहून नाव मिळवणे तिला कठीण नव्हते. परंतु आपल्या शिक्षणाचा उपयोग आपल्या देशाला व्हावा, या भावनेने त्याच वर्षी ती भारतात परतली.

५. दिल्ली, कुन्नूर आणि मुंबई

भारतात आल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून काम केले. त्यानंतर निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे असलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा पुढे १९५८ साली हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. कुन्नूर येथे कमलाबाईंनी जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास केला.

१९४७ साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग सुरू होत होता. त्या विभागात त्या प्राध्यापक झाल्या. या संस्थेत त्यांनी अनेक विद्यार्थ्यांना संशोधनाची दीक्षा दिली. विद्यार्थ्यांना विषय देताना त्या एकच कसोटी लावत : या संशोधनाचा सामान्य माणसाच्या जेवणाशी संबंध आहे काय? म्हणूनच कडधान्यांतील प्रथिने, तांदळाचे पीठ आणि नीरा हे त्यांच्या विभागाचे मुख्य विषय राहिले. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला.

६. वालातील अडसर

आता पुन्हा वालाकडे वळू. प्रथिन म्हणजे मण्यांच्या लांब माळेसारखा पदार्थ असतो. अख्खी माळ शरीराला वापरता येत नाही. ती तोडून मणी सुटे करावे लागतात. हे मणी म्हणजे अमिनो आम्ले. माळ तोडण्याचे काम पाचक विकरे करतात. त्यांपैकी ‘ट्रिप्सिन’ हे एक महत्त्वाचे विकर आहे. ते स्वादुपिंडात तयार होते आणि लहान आतड्यात आपले काम करते.

अनेक कडधान्यांच्या दाण्यांत या ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो. कीड आणि प्राणी यांच्यापासून बीचे रक्षण व्हावे, यासाठी वनस्पतीने केलेली ही तजवीज असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसा हा पदार्थ ट्रिप्सिनमध्ये जाऊन बसतो. मग ट्रिप्सिनला प्रथिनांची माळ तोडता येत नाही. अशा पदार्थाला ट्रिप्सिन-अवरोधक म्हणतात. अमेरिकेत मोझेस कुनित्झ यांनी १९४५ च्या सुमारास सोयाबीनमधील असा अवरोधक शुद्ध स्फटिकरूपात वेगळा केला होता. परंतु आपल्याकडील ताटात सोयाबीन नव्हते; वाल, पावटा, चवळी, हरभरा, तूर, मूग ही आपली कडधान्ये होती. त्यांचे काय?

हा प्रश्न कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतला. भारतीय खाद्यपदार्थांत ट्रिप्सिन-अवरोधक कोठे कोठे आढळतात, याची त्यांनी पद्धतशीर पाहणी केली. १९५५ साली कमलाबाई आणि के. एस. अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतील अवरोधक स्फटिकरूपात वेगळे केले आणि ही माहिती ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध केली. कोकणातल्या परसात आणि होसकोटेच्या शेतात पिकणारा वाल अशा रीतीने जागतिक विज्ञानाच्या पानावर पोहोचला.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ फार मोठा होता. हे अवरोधक ओलसर उष्णतेने बऱ्याच अंशी निकामी होतात. भिजवल्याने आणि मोड आणल्यानेही काही कडधान्यांत त्यांचे प्रमाण घटते. म्हणजे डाळ किंवा उसळ अर्धीकच्ची खाल्ली तर ताटात प्रथिने असूनही ती अंगी लागत नाहीत. तीच नीट शिजवली तर त्यांचा पुरेपूर लाभ मिळतो. ज्या घरात दूध आणि अंडी परवडत नाहीत, तेथील मुलाच्या वाढीच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची असते. आपल्या आज्या-पणज्यांची रीत शास्त्राच्या कसोटीला उतरली, ती अशी.

पाठगत प्रश्न
(१) ट्रिप्सिन हे विकर कोठे तयार होते?
(२) कडधान्ये नीट शिजवून का खावीत?

७. आतड्याचा निरोप

कच्च्या कडधान्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. तिचा पुढचा भाग आतड्यातील संप्रेरकांशी निगडित आहे. शरीराच्या एका भागात तयार होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागाला निरोप देणाऱ्या रसायनाला संप्रेरक म्हणतात. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी असे पहिले रसायन शोधले, ते लहान आतड्यातच. त्याचे नाव ‘सिक्रिटिन’. पुढे १९२८ साली अमेरिकेत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी आतड्यातील आणखी एका संप्रेरकाचा शोध लावला. ते पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते, म्हणून त्याला ‘कोलेसिस्टोकायनिन’ असे लांबलचक नाव मिळाले.

जेवणातील स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने लहान आतड्याच्या पहिल्या भागात पोहोचली की तेथील पेशी हे संप्रेरक सोडतात. त्यामुळे पित्ताशयातून पित्त येते आणि स्वादुपिंडातून पाचकरस सुटतो. कच्च्या कडधान्यातील अवरोधकाने ट्रिप्सिन अडवले की काय होते? पाचकरस कमी पडतो आहे, असे समजून आतडे हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडते. बिचारे स्वादुपिंड आणखी पाचकरस तयार करत राहते. हा पाचकरसही प्रथिनांचाच बनलेला असतो. म्हणजे मिळकत कमी आणि खर्च अधिक, अशी शरीराची स्थिती होते. कच्चे सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांची वाढ खुंटते आणि त्यांचे स्वादुपिंड मोठे होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

याच संप्रेरकाचे दुसरे कार्य १९७३ साली स्पष्ट झाले. अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांना ते टोचले, तेव्हा उंदरांनी नेहमीपेक्षा कमी अन्न खाल्ले. हे रसायन पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना जागे करते आणि आता पुरे, असा निरोप देते. भरपूर डाळ आणि थोडे तूप घातलेला भात खाल्ल्यावर समाधान अधिक काळ टिकते, त्याचे एक कारण हे आहे. १९९१ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. एखाद्या चवीबरोबर या संप्रेरकाची अल्प मात्रा दिली, तर उंदरांना ती चव आवडू लागली. मोठी मात्रा मात्र उंदरांमध्ये नावड निर्माण करते. म्हणजे पोट केवळ भूक मोजत नाही, ते चवीशी पदार्थाच्या परिणामाची सांगडही घालते.

नंतरच्या काळात हे चित्र आणखी स्पष्ट झाले. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारे ‘घ्रेलिन’ हे संप्रेरक शोधले. ते भूक वाढवते. आतड्यात तयार होणारे ‘जीएलपी-१’ हे दुसरे संप्रेरक रक्तातील साखर आवरण्यास मदत करते आणि भूक कमी करते. उंदरांच्या जिभेवरील रुचिकलिकांतही ते आढळले. त्याचा निरोप स्वीकारण्याची सोय ज्या उंदरांत नव्हती, त्यांना गोड चव कमी जाणवत होती, असे २००८ साली दिसून आले. म्हणजे जिभेची चव आणि आतड्याची भाषा यांचे नाते आपल्याला वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. अर्थात यांतील बरेच प्रयोग उंदरांवर झालेले आहेत. माणसाची आवडनिवड घरच्या वळणाने, सवयीने आणि परिस्थितीनेही घडते, हे विसरून चालणार नाही. अवरेचा उग्र वास होसकोटेच्या माणसाला प्रिय वाटतो आणि नवख्याला वाटत नाही, यात लहानपणापासूनच्या सवयीचाही मोठा भाग आहे.

कमलाबाईंनी स्वतः संप्रेरकांवर संशोधन केले नाही. त्यांचे क्षेत्र प्रथिने आणि विकरे हे होते. परंतु ज्या प्रकारच्या अवरोधकांचा त्यांनी अभ्यास केला, तशा अवरोधकांमुळे अभ्यासकांना आतड्याचे हे निरोप उलगडण्यास मदत झाली. अन्नाची किंमत ते ताटात काय आहे यावरून नव्हे, तर शरीराला काय मिळते यावरून ठरते, हे त्यांच्या साऱ्या कार्याचे सूत्र होते.

८. नीरा

कमलाबाईंचे दुसरे महत्त्वाचे कार्य म्हणजे नीरेचा अभ्यास. ताडाच्या किंवा शिंदीच्या झाडातून पहाटे मिळणारा गोड रस म्हणजे नीरा. ती आंबली की तिची ताडी होते. ताजी असताना मात्र ती पौष्टिक पेय असते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचे संशोधन हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, तसेच नीरेपासून केलेल्या गुळातही त्यांचा अंश टिकतो, असे त्यांना आढळले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. झाडाखाली सहज मिळणारे हे पेय गरिबांच्या आरोग्यासाठी वापरता येईल, हे त्यांनी दाखवले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

९. ग्राहकांची पाठीराखी

एवढे कर्तृत्व असूनही स्त्री म्हणून होणारा अन्याय संपला नव्हता. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळायला हवे होते त्यापेक्षा चार वर्षे उशिरा मिळाले. तोपर्यंत त्या शांतपणे आपले काम करत राहिल्या. पद मिळाल्यावर त्यांनी ते समर्थपणे सांभाळले.

निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत काही महिलांच्या पुढाकाराने भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्था स्थापन झाली होती. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य होत्या आणि १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष झाल्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान बाजारात पिशवी घेऊन जाणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘आहार-गाथा’ हे पुस्तकही लिहिले.

१९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा गौरव करण्याचे ठरवले. ज्या देशात त्यांना एकेकाळी प्रयोगशाळेच्या दारातच थांबवले गेले होते, त्याच देशाची सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्था त्यांचा सन्मान करत होती. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय सत्त्याऐंशीच्या आसपास होते.

आज देशातील विज्ञान संस्थांत असंख्य मुली संशोधन करतात. त्यांतील अनेकींना कमलाबाईंचे नावही माहीत नसेल. तरीही ज्या दारातून त्या आत जातात, ते दार १९३३ साली बंगळूरला एका मुलीने उघडायला लावले होते. आणि घरोघरी रात्री वाल भिजत घातले जातात, तेव्हा ती साधी रीत का योग्य आहे, याचे उत्तरही त्याच मुलीने पुढे शोधून दिले.

आपण काय शिकलो?

• डॉ. कमला सोहोनी यांनी प्रवेश नाकारला गेल्यावर सत्याग्रहाच्या मार्गाने तो मिळवला आणि गुणवत्तेने सिद्ध केला.
• वाल व इतर कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे पदार्थ असतात. शिजवल्याने ते बरेचसे निकामी होतात.
• आतड्यातील संप्रेरके पचन, भूक आणि चवीची आवड यांविषयीचे निरोप शरीराला देतात.
• संशोधनाचा उपयोग सामान्य माणसाच्या जीवनासाठी झाला पाहिजे, ही कमलाबाईंची दृष्टी होती.

पाठान्त प्रश्न

१. सर रामन यांनी कमला भागवत यांना प्रवेश देताना कोणत्या अटी घातल्या? त्या अटींविषयी तुमचे मत लिहा.
२. कच्चे कडधान्य खाल्ल्यास स्वादुपिंडावर ताण का पडतो, हे तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
३. ‘आवडनिवड फक्त जिभेची नसते’ हे विधान पाठाच्या आधारे पटवून द्या.
४. नीरा आणि ताडी यांतील फरक सांगा. नीरेविषयी कमलाबाईंनी केलेले कार्य थोडक्यात लिहा.
५. तुमच्या घरी एखादे कडधान्य शिजवण्यापूर्वी काय काय केले जाते, ते क्रमाने लिहा. त्यातील प्रत्येक कृतीचे कारण घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा आणि पाठातील माहितीशी ताडून पाहा.